भिंतीवरचा कागद
(एका निवृत्त मुख्याध्यापकांनी प्रौढ साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



आज मी तुम्हांला लहान लेकरांच्या उपचार केंद्रांविषयी सांगणार आहे. विषय दवाखान्याचा वाटेल, पण मी डॉक्टर नाही. मी शाळामास्तर. मला औषध कळत नाही, कागद कळतो. तुम्हीही आता वाचायला शिकला आहात. म्हणून ह्या विषयातला कागदाचा भाग तेवढा मी सांगतो.

एखादे लेकरू वेळेवर मान धरत नाही. वर्ष झाले तरी बसत नाही. हाक मारली तर वळून बघत नाही. घरातली म्हातारी म्हणते, "ह्याचा बाप बी उशिराच चालला होता." शेजारीण म्हणते, "पोरं उशिरानंच बोलतात, माय." कोणी म्हणते नजर लागली. असे करता करता दोन-तीन वर्षे निघून जातात.

साधारण हिशेब असा आहे. दोन महिन्यांचे मूल माणूस पाहून हसते. चौथ्या महिन्यापर्यंत मान धरते. आठ-नऊ महिन्यांत आधाराशिवाय बसते. दीड वर्षापर्यंत चालू लागते. महिना-दीड महिना मागेपुढे होते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. पण फारच मागे पडले तर थांबू नये. मेंदूची वाढ पहिल्या दोन-तीन वर्षांत फार झपाट्याने होते. मृगात पेरलेले सोयाबीन आणि दोन महिने उशिरा पेरलेले सोयाबीन सारखे येत नाही, हे तुम्हांला मी काय सांगावे! पाय वाकडे घेऊन जन्मलेल्या मुलाला पहिल्या काही आठवड्यांतच प्लास्टर घालायला सुरुवात केली, तर बहुतेक वेळा पाय सरळ होतात. ज्याला ऐकू येत नाही त्याला वर्षाच्या आत कानाचे यंत्र मिळाले, तर बोलणे शिकायला सोपे जाते. तेच मूल पाच वर्षांचे झाल्यावर नेले, तर मेहनत पुष्कळ आणि फळ थोडे.

ह्या लवकर केलेल्या उपचाराला सरकारी कागदावर 'शीघ्र हस्तक्षेप' म्हणतात. शब्द जड आहे. त्याचा अर्थ एवढाच, की वेळेत हात घालणे.

पण हात कोणी घालायचा? कोणीही उठून घालायचा काय? नाही. येथेच कायदा येतो.

आधी सरकारी सोय पाहू. फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात पालघर येथे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी त्यात होते. अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत वर्षातून एकदा डॉक्टरांचे पथक यावयाचे असते. पथकात एक डॉक्टर बाई व एक डॉक्टर पुरुष, शिवाय औषध देणारा आणि नर्स असतात. ज्या मुलात दोष दिसेल त्याला ते जिल्ह्याच्या केंद्रात पाठवतात. त्या केंद्राला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र म्हणतात. नांदेडला श्री गुरु गोविंदसिंघजी स्मारक जिल्हा रुग्णालयात हे केंद्र आहे. लातूरच्या मंडळींनी पथकाच्या डॉक्टरांना किंवा जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात विचारावे. अशा केंद्रात बालरोगतज्ज्ञ, हातापायांचे व्यायाम घेणारे, कान-बोलणे तपासणारे, डोळे पाहणारे, मनाची वाढ तपासणारे, असे सगळे एका छताखाली असावेत, अशी योजना आहे. सगळ्या जागा नेहमी भरलेल्या असतात असे मी म्हणणार नाही. पण तपासणी आणि पुढचा उपचार फुकट आहे. आणि उपचार सुरू करायला अपंगत्वाचा दाखला लागत नाही, हे ध्यानात ठेवा. पुष्कळ लोक दाखल्याची वाट बघत बसतात.

ज्या दिवशी पथक अंगणवाडीत येते, त्या दिवशी लेकराला घरी ठेवू नका. मला ठाऊक आहे, नेमके दिसायला वेगळे असलेले लेकरूच घरी ठेवले जाते. लोक काय म्हणतील म्हणून. पथक येते, चाळीस धडधाकट पोरे तपासते आणि जाते. ज्याच्यासाठी गाडी आली ते घरात पाळण्यात.

आता कायद्याचे नाव लिहून घ्या. 'दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६'. तो १९ एप्रिल २०१७ पासून देशात लागू झाला. पूर्वी आपण अपंग म्हणत होतो, आता सरकारी कागदावर दिव्यांग लिहितात. आधीचा कायदा १९९५ चा होता. त्यात सात प्रकारचे अपंगत्व धरलेले होते. नव्या कायद्यात एकवीस आहेत. सर्व मुलांची वर्षातून निदान एकदा तपासणी करावी आणि कोणाला धोका आहे ते शोधावे, हे काम ह्या कायद्याने सरकारवर टाकले आहे. म्हणून पथक येते ते उपकार म्हणून येत नाही.

ह्याच कायद्यात खाजगी केंद्रांसाठी एक नियम आहे, आणि तो आजच्या भाषणाचा गाभा आहे. दिव्यांगांचा सांभाळ, शिक्षण, प्रशिक्षण किंवा पुनर्वसन करणारी कोणतीही संस्था नोंदणीच्या प्रमाणपत्राशिवाय चालवता येत नाही. हा नियम १९९५ च्या कायद्यातही होता. अर्ज आल्यावर अधिकाऱ्यांनी चौकशी करायची. जागा, सोयी, माणसे नियमाप्रमाणे आहेत काय ते बघायचे. असतील तरच प्रमाणपत्र द्यायचे. हा निर्णय नव्वद दिवसांत व्हावा, असे कायदा म्हणतो. पुढे संस्था नियम मोडू लागली तर तिचे म्हणणे ऐकून घेऊन प्रमाणपत्र रद्दही करता येते. सरकारच्या स्वतःच्या केंद्राला मात्र ही नोंदणी लागत नाही. म्हणून नांदेडच्या जिल्हा रुग्णालयात जाऊन हा कागद शोधू नका.

आणि आता तुमच्या कामाची गोष्ट. हे प्रमाणपत्र संस्थेने दर्शनी जागी लावले पाहिजे. कपाटात कुलपात ठेवून चालत नाही. आत शिरल्यावर सहज दिसेल असे भिंतीवर लावायचे.

म्हणजे तुम्ही केंद्रात गेलात की आधी भिंत वाचा.

मागे एका वर्गात हे सांगत होतो, तेव्हा एक ताई उठून म्हणाली, "गुरुजी, कागद मागितला तर ते रागावतील. आपल्या लेकराला हातच लावणार नाहीत. मग?" प्रश्न खरा आहे. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. तसे नाही. अक्कल असते, पण तोंड उघडायची सोय नसते. मुखेडहून किंवा निलंग्याहून एसटीने लेकरू कडेवर घेऊन आलेली बाई, दिवसाची मजुरी बुडवून आलेली. तिने पहिल्याच दिवशी भांडण कसे काढावे?

मी त्या ताईला म्हटले, "माय, मागू नकोस. वाच." बाकावर बसल्यावर आपले डोळे तर कोणी बांधत नाही. पूर्वी ती भिंत तुमच्यासाठी कोरी होती, आता नाही. संस्थेचे नाव वाचा. पत्ता वाचा, तो तुम्ही बसला आहात तिथलाच आहे काय ते बघा. कशासाठी नोंदणी आहे ते बघा. आणि शेवटी मुदत बघा. प्रमाणपत्राला मुदत असते. पाच वर्षांपूर्वी संपलेला कागद काचेत घालून ठेवला तरी तो जुनाच कागद.

येथे एक फसगत होते, ती सांगतो. भिंतीवर कागद पुष्कळ असतात. एकावर धर्मादाय आयुक्तांचा शिक्का असतो. एक दुकान परवान्याचा असतो. एखाद्या पुढाऱ्याबरोबरचा फोटो असतो. कोणी मानपत्र दिलेले असते. आपला माणूस शिक्के पाहून समाधानी होतो. पण धर्मादाय आयुक्तांकडची नोंद १९५० च्या कायद्याखाली होते. तिचा अर्थ एवढाच, की संस्था किंवा ट्रस्ट म्हणून तिचे नाव वहीत आहे. भजनी मंडळाची आणि वाचनालयाचीही तशी नोंद असते. त्या कागदावर मुलांचे उपचार केंद्र चालवता येत नाही. दुकान परवाना तर किराणा दुकानालाही असतो. तुम्ही शोधायचे शब्द हे: 'दिव्यांग व्यक्ती हक्क' आणि 'नोंदणी प्रमाणपत्र'. कागद इंग्रजीत असेल तर वर्ष बघा, २०१६. आकडे तर ओळखता येतात ना? नाही तर गावातल्या शिकलेल्या पोराला बरोबर न्या.

आपल्या भागात चांगल्या संस्थाही आहेत. लातूरजवळ हरंगुळला 'संवेदना' नावाचे केंद्र मेंदूच्या पक्षाघाताच्या मुलांसाठी काम करते. लातूर शहरात स्वमग्न मुलांसाठी 'उमंग' ही संस्था आहे. स्वमग्न म्हणजे जे मूल आपल्यातच रमते, दुसऱ्याशी बोलणे-बघणे त्याला जड जाते. पूर्वी अशा मुलांना घेऊन पुणे-मुंबई गाठावी लागे. पण जेथे चांगल्याला गिऱ्हाईक असते, तेथे नकली मालही येतो. बियाण्याच्या बाबतीत हे तुम्ही भोगलेले आहे.

संस्थेचा कागद झाला. आता माणसाचा.

बोलणे शिकवणारे, कान तपासणारे, मनाची वाढ तपासणारे, खास मुलांना शिकवणारे शिक्षक, ह्यांच्यासाठी १९९२ चा भारतीय पुनर्वसन परिषद कायदा आहे. अशा प्रत्येक माणसाचे नाव दिल्लीच्या परिषदेच्या नोंदवहीत असले पाहिजे. त्याला एक नंबर मिळतो. नाव नसताना जो हा धंदा करील, त्याला एक वर्षापर्यंत कैद, किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हातापायांचे व्यायाम घेणारे फिजिओथेरपिस्ट निराळे. त्यांच्यासाठी आपल्या राज्याचा २००२ चा कायदा आहे आणि राज्याची वेगळी परिषद आहे. त्यांचाही नोंदणी नंबर असतो. चांगला माणूस आपला नंबर पाटीवर किंवा चिठ्ठीवर लिहितोच. चिठ्ठी हातात आली की नंबर आहे काय ते बघा. अंगात पांढरा कोट असणे हा नंबर नव्हे.

देगलूर-बिलोलीकडची माणसे हैदराबादेला जातात, उदगीरकडची बिदरला. जुने नाते आहे, जायला हरकत नाही. तेथेही २०१६ चा हाच कायदा चालतो, फक्त नोंदणी त्या त्या राज्याच्या अधिकाऱ्याकडे असते. दिल्लीच्या परिषदेचा नंबर मात्र सगळ्या देशात एकच.

तुम्ही विचाराल, नोंदणी नसली तर संस्थेला काय होते? २०१६ चा कायदा मोडल्यास पहिल्या खेपेला दहा हजार रुपयांपर्यंत दंड. पुन्हा मोडला तर कमीत कमी पन्नास हजार आणि जास्तीत जास्त पाच लाख. मला विचाराल तर पहिला दंड फार थोडा आहे. दहा हजारात आज बरी शेळीसुद्धा मिळत नाही. आणि एक हजाराचा दंड तर १९९२ साली ठरला, तो तेथेच राहिला. पण तक्रार झाली की चौकशी लागते, आणि धंदेवाईक माणूस दंडापेक्षा चौकशीला जास्त भितो.

कायद्यात एक फटही आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. नोंदणीचा नियम दिव्यांगांच्या संस्थांना आहे. दीड वर्षाच्या लेकराला अजून कोणी दिव्यांग म्हटलेलेच नसते. ते फक्त मागे पडलेले असते. तेव्हा एखादा केंद्रवाला म्हणू शकतो, "आम्ही दिव्यांगांवर उपचार करत नाही, आम्ही फक्त मुलांची वाढ सुधारतो." दुसरे असे, की फुकट शिक्षणाचा जो हक्क ह्या कायद्याने दिला तो सहा ते अठरा वयाच्या, चाळीस टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्या मुलांना दिला. सहाच्या आतल्यांचा भार दवाखान्यावर आणि अंगणवाडीवर. आणि खरी गरज तर सहाच्या आत! नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने अंगणवाड्यांसाठी दिव्यांग बालकांविषयी खास नियमावली काढली. अंगणवाडीताईने लक्षणे ओळखावीत, मुलाला इतरांबरोबर बसवावे, पुढे पाठवावे, असे तिच्यात आहे. तेव्हा "हे पोर येथे नको" असे कोणी म्हटले तर तुम्ही ही नियमावली दाखवा.

फट असली तरी बाकीचे कायदे जागे आहेत. लेकरू कोणाच्या ताब्यात असताना त्याला मारणे, बांधून ठेवणे, उपाशी ठेवणे हा २०१५ च्या बाल न्याय कायद्याखाली गुन्हा आहे. संस्थेच्या माणसाने केला तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. मुलाच्या अंगाशी कोणी वाईट वागले, तर ते ज्याला कळले त्याने पोलिसांना सांगितलेच पाहिजे. हा २०१२ चा कायदा. संस्थेच्या प्रमुखाने दडपले तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. दिव्यांग माणसाचा छळ होतो असे दिसले तर कोणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्याला कळवू शकतो. कार्यकारी दंडाधिकारी म्हणजे कोणी लांबचा साहेब नव्हे, आपला तहसीलदार. अडल्या वेळी १०९८ हा नंबर फुकट लागतो, तो लेकरांसाठीच आहे.

आणखी एक. "पोर आमच्याकडे सोडून जा, वर्षाने बरे करून देतो," असे कोणी म्हणाले तर सावध व्हा. अपंगत्व आहे एवढ्या कारणावरून कोणतेही मूल आईबापांपासून तोडता येत नाही. तसे करायचे तर कोर्टाचा हुकूम लागतो, आणि तोही मुलाच्या भल्यासाठी लागला तरच. शिवाय ह्या वयातला निम्मा उपचार घरीच होतो. केंद्रात अर्धा तास दाखवतात, आणि उरलेला दिवसभर आईने, आजीने, बापाने तेच करायचे असते. होय, बापानेही. जे केंद्र आईला आत बसू देत नाही आणि काही शिकवत नाही, तेथे मी माझे नातवंड नेणार नाही.

"बहिरेपणा घालवतो", "लकवा, फेफरे हमखास बरे" अशा पाट्या बसस्टँडच्या भिंतीवर तुम्ही वाचल्या असतील. औषधाची किंवा मंत्राची अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. आणि आपल्याकडे भानामतीचे नाव सांगून लेकराला मारझोड करणारे, धुरी देणारे आहेतच. त्यांच्यासाठी राज्याने २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा केला. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. देवाला नवस बोला, त्याला कायद्याची ना नाही. पण सोमवारी नवस आणि मंगळवारी दवाखाना, एवढे करा.

आता शेवटचे काम. तुमच्या जिल्ह्यात नोंदणी झालेली केंद्रे कोणती, हे घरबसल्या विचारता येते. त्यासाठी २००५ चा माहिती अधिकाराचा कायदा आहे. अर्ज साध्या कागदावर चालतो. तो एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत असावा. मी फळ्यावर लिहितो, तुम्ही वहीत उतरवून घ्या.

"प्रति,
जन माहिती अधिकारी,
समाजकल्याण विभाग, जिल्हा परिषद, लातूर.

महोदय,
दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ खाली आपल्या जिल्ह्यात नोंदणी झालेल्या आणि सहा वर्षांखालील मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थांची यादी मला हवी आहे. यादीत संस्थेचे नाव, पत्ता व नोंदणीची मुदत असावी. ही माहिती दुसऱ्या कार्यालयाकडे असल्यास माझा अर्ज त्या कार्यालयाकडे पाठवावा.

अर्जदाराची सही, पूर्ण नाव, पत्ता, तारीख."

नांदेडच्या मंडळींनी लातूरऐवजी नांदेड लिहावे. खात्यांची नावे अलीकडे बदलत असतात. पण अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तरी पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. अर्जावर दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावा. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तेही लागत नाही, फक्त दाखल्याची प्रत जोडावी. उत्तर तीस दिवसांत यायला पाहिजे. अंगठा उठवू नका, सही करा. अर्जाच्या दोन प्रती करा. एक कार्यालयात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून सही, शिक्का व तारीख घेऊन ती घरी ट्रंकेत ठेवा.